पाटावरचा पाना

आमच्या धाडच्या घरात दोन देव्हारे आहेत, असं मी म्हणत असे. एक स्वयंपाकघरात, सासूबाईंचा. दुसरा मागच्या अंगणात, टिनाच्या छपराखाली, डॉक्टरांचा. पहिल्यात जाताना पाय धुवावे लागत, दुसऱ्यातून येताना हात. डॉक्टर म्हणजे माझे यजमान. सगळं गाव त्यांना डॉक्टर म्हणे, म्हणून मीही तेच म्हणू लागले. नाव घ्यायचं टळलं आणि मानही राहिला. आता ते नाहीत, गाडी नाही, छपरही कधीच उतरवलं. तरी दुपारी जेवून जरा डोळा लागला की मी त्या छपराखाली जाऊन बसते. टिनाच्या भोकांतून ऊन गळत असतं, जमिनीवर कवडसे हलत असतात, आणि गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसतात. मी त्या पायांशी बोलत असते.

महाराष्ट्र तेव्हा नवा होता आणि आमची गाडी जुनी. तिच्या पाटीवरचा नंबर अजून मध्यप्रदेशाच्या वेळचा होता. बुलढाण्याच्या एका वकिलांनी ती विकायला काढली आणि डॉक्टरांनी घेतली, कारण खेड्यापाड्यांतून बोलावणी यायची आणि सायकलवर पोचेपर्यंत कधी कधी माणूस बरा तरी व्हायचा, नाहीतर जायचा तरी. गाडी काळी होती, पाठीला गोल. धाडच्या बाजारात ती शिरली की बैल आधी बाजूला होत आणि माणसं मागून.

पहिल्या वर्षी तिची देखभाल कंपनीच्या माणसांनीच करावी, असं डॉक्टरांचंही मत होतं. अकोल्याला कंपनीचं वर्कशॉप होतं. गाडी तिकडे पाठवण्याआधी डॉक्टरांनी एक गंमत केली. तोंड आलं की लावतात ते जांभळं औषध काडीवर घेतलं आणि जे जे बदलायचं होतं, पंख्याचा पट्टा, चार प्लग, तेलाची जाळी, त्या प्रत्येकावर बारीक ठिपका दिला. मी म्हटलं, "गाडीचं तोंड आलं का?" ते हसले नाहीत. आठ दिवसांनी गाडी परत आली. धुतलेली, पुसलेली, आत अत्तराचा वास. सोबतच्या कागदावर सगळं बदलल्याचं लिहिलेलं. डॉक्टरांनी बॉनेट उघडलं, तर जांभळे ठिपके जागच्या जागी.

ते भांडायला गेले नाहीत. बॉनेट हळूच लावलं आणि म्हणाले, "आता इले मीच पाहीन." दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, यांनी ताकच सोडलं. कंपनीवर विश्वास नाही, बुलढाण्याच्या मिस्त्रीवर नाही, चिखलीच्या तर नाहीच. मुंबईहून एक जाड इंग्रजी पुस्तक आणि पान्यांचा संच मागवला. पुस्तकात गाडीचं पोट फाडून दाखवलेलं होतं, डॉक्टरांच्या पुस्तकात माणसाचं दाखवतात तसं. त्यांना ते लगेच उमगलं. मी मॅट्रिक झालेली. माझं इंग्रजी त्यांच्याहून बरं मुळीच नव्हतं, पण त्यांचे हात तेलानं भरलेले असत आणि माझे मोकळे. म्हणून दर वेळी मी छपराखाली पाटावर बसून पुस्तक वाचायची आणि ते गाडीखाली निजून ऐकायचे. एक वाक्य वाचलं की खालून "हं" यायचं. "हं" आलं की पुढचं वाक्य.

खरं सांगायचं तर माझ्या संसारातले ते सगळ्यात सुखाचे तास होते. घरात बोलायला सासूबाई, दवाखान्यात रोगी, रस्त्यावर गाव. तिथं मात्र फक्त मी, ते पाय, आणि तो "हं". मला शब्दांचे अर्थ नीट कळायचे नाहीत, पण क्रम पाठ झाला होता. तेलाच्या टाकीचं खालचं बूच खोलायचं, काळं तेल घमेल्यात पडू द्यायचं, बूच हातानं बसवायचं, मग रिंग पान्यानं आवळायचं. आवळताना शेवटी पाना अडतो आणि लोखंडाचा एक बारीक आवाज येतो. तो आवाज आला की मी पान उलटायची.

पुढं एका वर्षी पोळ्याच्या सुमारास माझ्या वडलांचं उजवं अंग गेलं. माझं माहेर दुसरबीडचं. बाबा भाजीपाला लावायचे. वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर. ज्या हातानं ते वांग्याची रोपं लावायचे तो हात खाटेवर नुसता पडून राहिला. डॉक्टर दोनदा जाऊन पाहून आले. म्हणाले, रोज इंजेक्शन, रोज मालिश, रोज हात हलवून घेणं, हे सगळं धाडला माझ्या डोळ्यांसमोर झालं तर हात येईल, इथं पडून राहिले तर येणार नाही. बसता येत नव्हतं, तेव्हा एस.टी.चा प्रश्नच नव्हता. गाडीतूनच, मागच्या सीटवर निजवून आणायचं होतं. बाबांनीही अट घातली. जड जिभेनं म्हणाले, "पितरं उठू दे. दसऱ्याले येतो. शीव त्याच दिवशी ओलांडा लागते."

मला बाकी काही नको होतं. बाबा माझ्या घरी यावेत आणि वाटेत गाडी बंद पडून त्यांना रस्त्याच्या कडेला उन्हात निजवायची वेळ येऊ नये. म्हणून मी भीत भीत म्हटलं, "अहो, यावेळी एकदा कंपनीत दाखवू. त्यांच्याकडे चार माणसं असतात. एकाचं चुकलं तर दुसरा पाहतो."

"दुसरा पाहीन म्हनूनच पहिला चुकते," ते म्हणाले. "इथं दुसरा कोनी नाई, म्हनून मी चुकत नाई."

माणूस खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. पण मला राग आला होता. बाप माझा होता.

खंडेनवमीला सकाळी त्यांनी तेल बदलायला घेतलं. उद्या पहाटे निघायचं होतं. आमच्या घरी खंडेनवमीची रीत कडक. विळा, कुऱ्हाड, कात्री, अडकित्ता, आणि गाडी आल्यापासून सगळे पाने, हातोडी, पक्कड, हे सगळं चिंचेनं घासून पाटावर मांडायचं, हळदीकुंकू वाहायचं आणि दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं लुटून घरी येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. डॉक्टरांनी पहिल्याच वर्षी आपल्या स्टेथोस्कोपासाठी सूट मागितली होती. सासूबाईंनी ती दिली. पान्यांसाठी मागितली तेव्हा म्हणाल्या, "मानसाचं दुखनं थांबत नाई. गाडीले काय दुखते?"

त्या सकाळी मी वाचत होते, डॉक्टर खाली होते. काळं तेल पडून झालं. त्यांनी बूच हातानं बसवलं. तेवढ्यात सासूबाईंनी मागच्या दारातून हाक मारली, "सूनबाई, पाने आन व. वेळ टळून राह्यली." डॉक्टर खालून म्हणाले, "दोन मिन्टं." आणि त्याच वेळी पुढून कोणीतरी ओरडत आलं की कोण्या बाईला झटके येताहेत. डॉक्टर बाहेर आले, हात पुसत पुढं धावले. मी विटेवर ठेवलेला रिंग पाना उचलला, बाकीचे गोळा केले आणि घासायला बसले. तासाभरानं डॉक्टर परत आले, डब्यातलं नवं तेल वरून ओतलं, बॉनेट लावलं आणि जेवायला बसले. पाटावर पाने झेंडूच्या फुलांत चमकत होते. प्रत्येकाच्या तोंडाला सासूबाईंनी ओली हळद आणि वर कुंकू लावलं होतं.

दुपारी घर निजलं. मीही भिंतीला टेकून बसले होते. आश्विनातलं ऊन, पुरणाचं जेवण, दूर कुठं तरी बैलाच्या गळ्यातली घंटा. डोळे मिटले तर सकाळ पुन्हा सुरू झाली. मी वाचते आहे, खालून "हं" येतो आहे, काळं तेल घमेल्यात पडतं आहे, बूच बसलं, आणि मग मी पान उलटायला हात उचलते तर पान उलटतच नाही. आवाज आलाच नाही. अर्धवट झोपेत मी त्या आवाजाची वाट पाहत राहिले. मग दचकून जागी झाले. तो आवाज सकाळीही आला नव्हता. पाना मीच उचलून नेला होता.

मी छपराखाली गेले. गाडीखाली वाकून पाहिलं, तर बुचाच्या टोकाला एक थेंब लोंबत होता. नवं तेल मधासारखं दिसतं, काळं नसतं. जमिनीवर पैशाएवढा डाग होता आणि त्यावर एक माशी बसली होती.

गाडी उद्याच्या प्रवासासाठी राखून डॉक्टर सायकल काढत होते. शेजारच्या खेड्यात त्याच झटक्यांच्या बाईला पुन्हा पाहायला जायचं होतं. मी विचारलं, "अहो, ते खालचं बूच घट्ट झालं ना? तेल टपकतंय."

"जुनं तेल असंन. पुसाचं राह्यलं," ते म्हणाले.

"एकदा पाहता का?"

"तू मले इचारून राह्यली?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, आश्चर्य होतं. "घट्ट आहे." आणि ते गेले.

मी तिथं उभी राहिले. मनात सगळा रस्ता दिसत होता. हातानं बसवलेलं बूच चिखलीपर्यंत टिकेल, पुढं सिंदखेडराजाच्या रस्त्याच्या खड्ड्यांत सैल होईल, आणि नेमकं बाबांना घेऊन येताना गळून पडेल, तेल वाहून जाईल आणि गाडी बंद पडेल. डिकीत एकही पाना नसेल, कारण पाने पाटावर असतील. सासूबाईंना खरं सांगितलं तर मुलाची चूक त्यांच्या कानावर घातल्यासारखं होणार, आणि ती चूक अर्धी माझी. हात दाखवून अवलक्षण कशाला? पण बाबांचा तो पडलेला हात डोळ्यांसमोरून हलेना.

सासूबाई घोरत होत्या. मी पाटासमोर बसले, आधी नमस्कार केला आणि मग रिंग पाना उचलला. त्याला चिकटलेली अक्षत गळून पडली. देवाला मनात म्हटलं, रागवायचं तर माझ्यावर रागव, गाडीवर नको. हळदकुंकू पुसायचा धीर झाला नाही. तसाच पाना पदराखाली धरून छपराखाली आले, पदर खोचला आणि आयुष्यात पहिल्यांदा गाडीखाली निजले.

खालून गाडी फार मोठी दिसते. थंड वास येतो, आणि अंगणातले आवाज एकदम दूर जातात. मला वाटलं, म्हणून यांना इथं आवडतं. मनात बरणीचं झाकण आणलं, ते कुठल्या बाजूनं लागतं ते आठवलं आणि पाना बुचावर बसवून फिरवला. तो फिरला, सहज फिरला. आणखी फिरला. जवळजवळ एक पूर्ण आटा गेल्यावर अडला, आणि तो लोखंडाचा बारीक आवाज आला. मला रडू आलं. कशाचं, ते तेव्हाही सांगता आलं नसतं. थोडं भीतीचं, थोडं रागाचं, आणि थोडं असं की मी बरोबर होते आणि हे कोणालाच कळणार नव्हतं.

पाना परत पाटावर ठेवला, करंड्यातलं कुंकू लावलं, फूल सरकवून घेतलं. संध्याकाळच्या आरतीला सासूबाई त्या पान्याकडे जरा वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मांजर फिरली वाटते." मी म्हटलं, "हाव." झाकली मूठ सव्वा लाखाची.

दसऱ्याला पहाटे गाडीला झेंडूचा हार घातला आणि आम्ही निघालो. तो रस्ता मला अजून जसाच्या तसा दिसतो. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी, कुठं कपाशीची पहिली बोंडं फुटलेली, दवानं ओली. गावागावांतून माणसं हाराच्या गाडीकडे पाहून हात जोडत होती. त्यांना आत कोण आहे याच्याशी कर्तव्य नव्हतं. डॉक्टर हळू आवाजात काहीतरी गुणगुणत होते. मी मात्र इंजिन ऐकत होते. प्रत्येक खड्ड्याला माझा जीव त्या बुचापाशी जाई आणि परत येई.

दुसरबीडला बाबांना गादीसकट उचलून मागच्या सीटवर ठेवलं. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर. गावाची शीव आली तेव्हा त्यांनी डाव्या हातानं खिडकीबाहेर आपट्याचं पान टाकलं. मग जरा वेळानं विचारलं, "जावईबापू, गाडी कोन दुरुस्त करते?"

"मीच, मामा," डॉक्टर म्हणाले.

"मंग भेव नाई," बाबा म्हणाले आणि झोपी गेले.

मी खिडकीबाहेर पाहिलं. मला ते लागलं, हे कबूल करते. पण बाबांचा श्वास माझ्या हाताला लागत होता, गाडी चालत होती आणि रस्ता मागे पडत होता. एवढं मिळाल्यावर आणखी मागू नये, असं मी स्वतःला समजावलं. तिसऱ्या प्रहरी आम्ही धाडला पोचलो. सासूबाईंनी गाडीवरून भाकरतुकडा ओवाळला.

बाबा आमच्याकडे राहिले. संक्रांतीला त्यांनी उजव्या हाताच्या दोन बोटांत तिळाचा लाडू धरला. माझ्या हातापर्यंत आणता आणता तो पडला, पण त्यांनी धरला होता. चैत्र लागला तेव्हा ते अंगणात खुर्चीवर बसू लागले होते, मांडीवर सुपारी ठेवून ती बोटांनी फिरवत.

चैत्रातच पुन्हा तेल बदलायचं आलं. मी पाटावर, पुस्तक मांडीवर, बाबा खुर्चीत, डॉक्टर गाडीखाली. मी वाक्य वाचलं. "हं" आला नाही. पुन्हा वाचलं. खाली चिंधी घासल्याचा आवाज झाला, मग काहीच नाही. मग डॉक्टर सरकत बाहेर आले आणि बसले. त्यांच्या अंगठ्याला लाल लागलं होतं. धूळ आणि तेलाच्या थराखाली, बुचाच्या कोपऱ्यांत ते सहा महिने टिकून राहिलं होतं. त्यांनी ते दोन बोटांत चोळलं, वास घेतला आणि माझ्या कपाळाकडे पाहिलं.

जांभळ्या ठिपक्यांचा माणूस तो. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

"नवमीले?" त्यांनी विचारलं.

"हो. दुपारी."

"किती फिरला?"

खोटं बोलावंसं वाटलं. त्यांचा चेहरा पाहून फार वाटलं. पण म्हटलं, "एक आटा. जवळजवळ पुरता."

ते बाबांकडे पाहत राहिले. बाबांची बोटं सुपारी फिरवत होती. मग डॉक्टर पुन्हा निजून गाडीखाली गेले. मला वाटलं, झालं, आता हे पुस्तकवाचन बंद. सुखाचे तास मीच घालवले. काळं तेल घमेल्यात पडत राहिलं. मग थेंब थेंब. मग बूच हातानं बसवल्याची खरखर. मी पुस्तकात तोंड घालून तो शेवटचा आवाज येण्याची वाट पाहत होते.

आवाजाऐवजी गाडीखालून हात बाहेर आला. हातात रिंग पाना होता, दांडा माझ्याकडे केलेला.

"घे," डॉक्टर म्हणाले. "शेवटचा आटा तू दे. मी पाह्यतो."

मी बाबांकडे पाहिलं, मागच्या दाराकडे पाहिलं. बाबांनी सुपारी थांबवली. वाटेत विचारलेलं त्यांच्या ध्यानात नसावं, कारण त्यांनी तेच पुन्हा विचारलं, "कोन दुरुस्त करते, जावईबापू, गाडी?"

"दोघं, मामा," गाडीखालून आवाज आला.

मी पुस्तक पाटावर उपडं ठेवलं आणि पदर खोचला.